संक्रांतीच्या वाणासाठी घरच्या घरी डब्या, परड्या आणि मुड्या



भाताची झोडणी आटोपली, वाल-हरभरा ओलीवर पेरून झाला की ठाणे जिल्ह्यातील शहापूर, मुरबाड, कल्याण, भिवंडी या तालुक्यांत शेतकरी कुटुंबाच्या हाताला थोडी उसंत मिळते. नेमक्या याच काळात शहरात मात्र सणाची लगबग सुरू होते. नाताळात ठाणे-वसई पट्ट्यातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे फराळाची ताटे जातात. पाठोपाठ भोगी आणि संक्रांत येते आणि रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदी-कुंकू चालते. प्रत्येक सुवासिनीच्या हाती तिळगूळ आणि एखादे वाण द्यायचे, ही रीत ठाण्यात आणि डोंबिवलीत अजून जोरात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महापालिका हद्दीत १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीत १२ लाखांवर लोकवस्ती होती. त्यातील थोड्याच घरांनी हळदी-कुंकू केले तरी किती वाणे लागत असतील, याचा अंदाज आपणच करावा.

हे वाण म्हणून काय दिले जाते? प्लॅस्टिकची वाटी, प्लॅस्टिकची गाळणी, प्लॅस्टिकचा डबा. राज्यात २०१८ साली एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर बंदी आली, १ जुलै २०२२ पासून देशभर काही वस्तूंवर बंदी आली. टिकाऊ वाटी-डबा या बंदीत येत नाहीत, पण अनेक घरांतून आता 'प्लॅस्टिक नको, दुसरे काही आहे का' अशी विचारणा होऊ लागली आहे. दुसरे काही आपल्याकडेच आहे. बांधावरचा बांबू, वाडीतली करवंटी, खळ्यातला पेंढा आणि घरातली रद्दी यांतून नीटस, सजवलेली डबी किंवा परडी करता येते. त्यात आपलाच तिळगूळ, वाल किंवा तांदूळ घालून दिला तर वाण पूर्ण होते. या लेखात तीच कृती दिली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. या कामात बहुतेक नुकसान होते ते ओलीमुळे. वस्तू दिसायला वाळलेली असते, आतून ओली असते, आणि तीन दिवसांत तिळगुळावर पांढरी बुरशी दिसते. आमच्याच सल्ल्याने एका गावातील महिलांनी बांबूच्या साठेक डब्या केल्या होत्या. बांबू तोडून जेमतेम पंधरा दिवस झाले होते. वरून पिवळा पडला म्हणून आम्हीही तो वाळला असे समजलो. संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी डब्या परत आल्या, लाडू टाकून द्यावे लागले, आणि महिलांनी घातलेले तीळ-गुळाचे पैसे बुडाले. चूक आमची होती, भरपाई मात्र त्यांनी केली. तेव्हापासून आम्ही सजावटीच्या आधी वाळवणीचे सांगतो.

सुगड हेच मूळ वाण

संक्रांतीला वाणाची भांडी ही काही नवी कल्पना नव्हे. मातीचे छोटे काळे सुगड, त्यात गाजराचे तुकडे, बोरे, उसाची कांडी, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या आणि तिळगूळ घालून पूजतात व सुवासिनींना देतात. म्हणजे नुकतेच शेतात आलेले पीक मातीच्या भांड्यात घालून द्यायचे, एवढाच तो विधी. 'आवा लुटणे' या शब्दातला आवा म्हणजेही कुंभाराची भट्टी. वाणाच्या भांड्याचे नाते शहरातल्या दुकानाशी जुळले ते फार नंतर.

सुगडे घरी करता येत नाहीत, पण कोरी आणून घरी सजवता येतात. कुंभाराकडे मार्गशीर्षातच मागणी नोंदवावी, कारण पौषात त्याच्या दारी गर्दी होते. सुगड बोटाने वाजवून घ्यावे. खणखणीत आवाज आला तर चांगले भाजले आहे, बद्द आवाज आला तर तडा आहे किंवा कच्चे आहे. सजावट फक्त बाहेरून करावी. आतून रंग लावू नये.

बांबूची डबी

डबीसाठी आतून पोकळ आणि रुंद बांबू लागतो. आपल्या भागातील कळक (काही गावांत त्याला काटस म्हणतात) त्यासाठी योग्य. मानवेल आणि माणगा हे बांबू बरेचसे भरीव असल्याने त्यांची डबी होत नाही. मानवेलीच्या कामट्या चांगल्या निघतात, त्या टोपलीला वापराव्यात.

तीन वर्षांची काठी तोडावी. कोवळी काठी हिरवीगार आणि तुकतुकीत असते, तिच्या पेरांवर आवरण चिकटलेले असते. जून काठीचा रंग मळकट होतो, तिच्यावर पांढरट चट्टे येतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकले तर टणक आवाज येतो. कोवळ्या बांबूत पिष्टमय पदार्थ आणि पाणी जास्त असते. भुंगेऱ्याला तेच हवे असते. अशा डबीतून महिना-दोन महिन्यांनी पिठासारखा भुसा गळू लागतो आणि वाण देणारीची नाचक्की होते.

तोडणी पाऊस पूर्ण थांबल्यावर करावी. संक्रांतीपासून उलटे दिवस मोजले तर तोडणीची तारीख आपोआप निघते. डब्या नाताळापर्यंत वाळून तयार हव्यात. वाळायला चार आठवडे लागतात. त्याआधी तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचे असते. म्हणजे तोडणी दिवाळीच्या सुमारास, उशिरात उशिरा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली पाहिजे. डिसेंबरात बांबू तोडून संक्रांतीला डबी देतो असे कोणी म्हणाले तर त्याला पुढच्या वर्षीची ऑर्डर घ्यायला सांगावे.

तोडलेल्या काठ्यांच्या फांद्या काढून त्या ओढ्याच्या किंवा टाकीच्या पाण्यात दगड ठेवून पूर्ण बुडवाव्यात. टाकीतील पाण्याला वास येऊ लागला की पाणी बदलावे. त्यामुळे बांबूतील पिष्टमय अंश निघून जातो व भुंगेरा कमी लागतो. बाहेर काढल्यावर काठ्या सावलीत, वाऱ्याशी, भिंतीला उभ्या टेकवून ठेवाव्यात. उन्हात ठेवल्यास तडकतात. दोन आठवड्यांनी करवतीने तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाला पेर ठेवायचे, तेच डबीचे बूड. पेराखाली एक सें.मी. सोडून कापल्यास डबी सरळ उभी राहते. उंची ८ ते १० सें.मी. पुरे. कोयत्याने तोडू नये, कड फाटते.

पाण्यात बुडवायला वेळ मिळाला नसेल तर कापलेले तुकडे मोठ्या पातेल्यात साध्या पाण्यात तासभर उकळावेत. हा दुय्यम उपाय आहे, परंतु काहीच न करण्यापेक्षा बरा. त्यानंतरची सावलीतील वाळवण चुकवू नये.

आता वाळले हे कसे ओळखावे? रंगावर जाऊ नये. पाच-सहा तुकड्यांवर पेन्सिलीने खुणा करून ते किराणा दुकानातील किंवा घरच्या काट्यावर दर दोन दिवसांनी तोलावेत आणि वजन वहीत लिहावे. वजन घटत आहे तोवर पाणी निघत आहे. लागोपाठ तीन वेळा तेच वजन भरले की डबी वाळली. आमच्या साठ डब्या बुडाल्या तेव्हा हा काटा आमच्याजवळच होता. तो आम्ही वापरला नाही, एवढेच.

वाळताना काही तुकडे तडकणारच. ५० डब्यांची मागणी असेल तर ६५ तुकडे कापावेत. तडकलेले तुकडे पेन ठेवायला किंवा रोपे लावायला वापरता येतात.

आतील पांढरा पापुद्रा सुरीने खरवडून काचपेपरने घासावा. झाकणासाठी सुतारकामाची गरज नाही. खणाच्या किंवा सुती कापडाचा गोल तुकडा कडेवरून सुतळीने बांधला की झाकण तयार होते व डबीला शोभाही येते. बाहेरून थोडे खोबरेल चोळावे. आतून तेल लावू नये, काही दिवसांनी खवट वास येतो.

बांबूविषयी कायद्याचीही धास्ती अनेकांना वाटते. भारतीय वन अधिनियमात २०१७ साली दुरुस्ती होऊन बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे स्वतःच्या बांधावर किंवा खाजगी जमिनीत लावलेल्या बांबूला या कायद्याखालील वृक्षतोडीची अडचण राहिलेली नाही. मात्र जंगलातील बांबू ही वेगळी बाब आहे. तो परवानगीशिवाय तोडू नये.

करवंटीची वाटी

नारळाच्या करवंट्या नवरात्रापासूनच साठवाव्यात. दसरा-दिवाळीत घरात, देवळात आणि गावातल्या खानावळीत त्या फुकट मिळतात. पूर्ण जून नारळाचीच करवंटी घ्यावी. कोवळ्या नारळाची करवंटी पातळ असते व वाळताना वाकडी होते.

नारळ फोडला की दोन भाग निघतात. डोळ्यांचा भाग आणि दुसरा बिनडोळ्यांचा. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तेथून गळती होते. म्हणून बिनडोळ्यांचा भाग खाऊसाठी ठेवावा आणि डोळ्यांचा भाग रोपासाठी. रोपाला पाण्याचा निचरा हवाच असतो, तो या मऊ डोळ्यातून आपोआप होतो. शहरातील बायकांना गॅलरीत ठेवायला तुळशीचे, ओव्याचे किंवा गवती चहाचे रोप वाण म्हणून फार आवडते. ज्यांची रोपवाटिका आहे त्यांनी तर हा भाग वाया घालवूच नये. रोप मात्र महिनाभर आधी करवंटीत लावून मूळ धरू द्यावे. आदल्या दिवशी खोचलेले रोप लोकल गाडीतच मान टाकते.

फोडलेल्या करवंटीची कड वेडीवाकडी असते. तिच्याभोवती दोरा गुंडाळून पेन्सिलीने सरळ रेघ आखावी आणि लोखंड कापायच्या बारीक करवतीने कड कापावी. बाहेरचे काथे सुरीने खरवडावेत. नंतर काचपेपर आधी जाड, मग मध्यम, शेवटी बारीक असा वापरावा. बारीक काचपेपर नीट फिरवला तर करवंटीवर गर्द तपकिरी झाक येते, वर रंग लावायची गरज उरत नाही. शेवटी ओल्या खोबऱ्याचा तुकडा किंवा दोन थेंब तेल बाहेरून चोळावे. वाटी उभी राहण्यासाठी बांबूची दीड सें.मी. उंचीची कडी कापून पांढऱ्या डिंकाने खाली चिकटवावी. चिकटवताना दोन्ही पृष्ठभाग काचपेपरने खरखरीत करून घ्यावेत, नाहीतर कडी निसटते.

घासताना करवंटीची भुकटी नाकातोंडात जाते. तोंडावर ओला रुमाल बांधावा, आणि हे काम अंगणात करावे, स्वयंपाकघरात नव्हे.

रद्दीच्या लगद्याची परडी

आपल्या आजी-पणजी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करीत. त्यांत मेथी घालीत. भिजवून वाटलेली मेथी चिकट असते, लगदा धरून ठेवते, आणि तिच्या कडवटपणामुळे कीड फिरकत नाही असा अनुभव आहे.

एक किलो रद्दी फाडून चार दिवस पाण्यात भिजत घालावी. पाणी रोज बदलावे. मग उखळात कुटून किंवा पाट्यावर वाटून लगदा करावा आणि फडक्यात घट्ट पिळावा. त्यात १०० ते १५० ग्रॅम मेथी भिजवून वाटून घालावी. चिंचोके भाजून, साल काढून, दळून शिजवलेली खळ त्यात वाटीभर मिसळून कणकेसारखे मळावे. पातेले किंवा वाटी पालथी घालून तिच्यावर ओले फडके पसरावे व त्यावर लगदा अर्धा सें.मी. जाडीने थापावा. कड जाड ठेवावी. एक दिवस सावलीत ठेवून मग उन्हात वाळवावे. तिसऱ्या दिवशी साचा अलगद निघतो. आतली बाजू त्यानंतर आणखी तीन-चार दिवस उन्ह मागते.

खळीबाबत एक सावधगिरी बाळगावी. बाजारातील बुकबाइंडिंगची खळ टिकावी म्हणून तिच्यात काही जण मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे. खाऊच्या परडीला घरी शिजवलेली ताजी खळच वापरावी व ती दोन दिवसांत संपवावी.

परडीत तिळगूळ थेट ठेवू नये. वर्तमानपत्राच्या शाईचे अंश लगद्यात राहतातच. अन्नपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळण्यास २०१८ च्या पॅकेजिंग विनियमांनी मनाई केली आहे, त्यामागेही हेच कारण आहे. परडीच्या आत मलमलीची छोटी पिशवी किंवा बटर पेपर घालावा. वाळलेल्या पळसपानांचा चोयांनी टोचलेला द्रोणही आत चपखल बसतो, आणि पळस आपल्या माळावर भरपूर आहे. ओले केळीचे पान मात्र आत घालू नये.

पेंढ्याची मुडी

आम्हाला स्वतःला हा प्रकार सर्वात आवडतो, कारण तो पूर्णपणे आपल्या शेतातला आहे. कोकणात भात पेंढ्याच्या मुडीत बांधून ठेवण्याची पद्धत होती. पोती आली, कणग्या गेल्या, मुडी बांधणारे हातही कमी झाले. पण गावात साठी ओलांडलेला एखादा माणूस अजून मुडी बांधू शकतो. त्याच्याकडून ती शिकून घ्यावी. अर्धा किलो तांदळाची इवलीशी मुडी शहरातल्या घरी गेली की ती सोडण्याआधी दहा जणी हातात घेऊन पाहतात.

पेंढा हाताने झोडलेला, लांब आणि न मोडलेला हवा. मळणी यंत्रातून निघालेल्या पेंढ्याची मुडी होत नाही. ज्यांनी यंत्रावर मळणी केली असेल त्यांनी पुढील हंगामात दोन-चार भारे तरी हाताने झोडून ठेवावेत. पेंढ्याच्या खालची सुकी पाने ओरबाडून फक्त स्वच्छ काड्या घ्याव्यात. काम सुरू करण्याआधी त्यांवर पाण्याचा हबका मारून ओल्या गोणपाटात तासभर झाकून ठेवाव्यात, म्हणजे वाकवताना मोडत नाहीत.

मूठभर काड्यांची जुडी एका टोकाला घट्ट बांधावी. मग ती उलटी करून काड्या सर्व बाजूंना छत्रीसारख्या पसराव्यात. मध्यभागी तांदळाची सुती पुरचुंडी ठेवावी, काड्या वर घेऊन तिच्याभोवती जमवाव्यात आणि वरच्या टोकाला बांधाव्यात. नंतर पेंढ्याचाच करंगळीएवढा दोर वळून तो खालून वर एकाशेजारी एक असा गुंडाळत जावा. प्रत्येक वेढा ओढून घट्ट करावा. दोर सैल राहिला तर पेंढा वाळल्यावर मुडी ढिली पडते. पुरचुंडी आत घालून बांधली तर पेंढ्याची ओल तांदळाला लागू शकते. म्हणून पहिल्या वेळी आत तांदळाऐवजी सुका भुसा भरलेली पुरचुंडी घालून मुडी बांधावी, चार दिवस वाळू द्यावी, मग वरची गाठ सोडून भुशाच्या जागी तांदूळ घालावा. किचकट वाटते, परंतु दहा मुड्या झाल्यावर हात बसतो.

मुडीला रंग नको. वरच्या गाठीत भाताच्या दोन-चार लोंब्या खोवल्या की पुरे.

गेरू आणि तांदळाची नक्षी

डब्या आणि परड्यांवर चमकी, टिकल्या, सोनेरी कागद चिकटवण्याचा मोह होतो. त्या प्रवासात गळतात आणि खाऊत पडतात. त्यापेक्षा गेरूचा हात देऊन त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेली साधी नक्षी उठून दिसते.

ही पद्धत आपल्याच भागातील वारली समाजाची आहे. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, त्यामुळे डहाणू-तलासरी आता त्या जिल्ह्यात आहेत. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी भिंतीवरची ही चित्रे कागदावर व कापडावर आणली आणि देशाबाहेर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुळात ही चित्रे लग्नप्रसंगी सुवासिनी घराच्या भिंतीवर काढतात.

गेरू पाण्यात कालवून फडक्याने गाळून घ्यावा, त्यात थोडा डिंक विरघळवावा आणि दोन पातळ हात द्यावेत. तांदूळ भिजवून बारीक वाटावा, त्यातही डिंकाचे पाणी घालावे. डिंक नसेल तर नक्षी बोटाला लागते. बांबूच्या काडीचे टोक ठेचून कुंचला करावा. वर्तुळ, त्रिकोण, रेघ यांतून माणूस, झाड, बैल, भातलावणी असे सहज जमते. शेतातली कामे काढावीत. आपल्याला ती माहीत असतात, त्यामुळे हात अडखळत नाही.

एक विनंती आहे. लग्नाचा चौक आणि त्यातील पालघट देवी ही पूजेची चित्रे आहेत. ती डबीवर काढू नयेत. डबी वापरून झाल्यावर कचऱ्यातही जाते, हे ध्यानात ठेवावे. आणि आपण वारली नसाल तर 'वारली चित्र' असे सांगून विकण्यापेक्षा शेजारच्या पाड्यावरील वारली भगिनीला नक्षीचे काम मजुरी ठरवून द्यावे. नक्षीही बिनचूक होते.

आत काय भरावे

तिळगूळ भरताना तो पूर्ण थंड झालेला असावा. कोमट लाडू डबीत बंद केले की त्यांची वाफ आतच पाणी होऊन बसते. लाडू केल्यावर रात्रभर जाळीखाली पसरून ठेवावेत व सकाळी दव उतरल्यावर भरावेत. गुळाला हवेतील ओल ओढून घेण्याची सवयच आहे, आणि ठाण्याला खाडीची हवा आहे. शक्य असेल तेथे लाडू बटर पेपरात एकेक गुंडाळावा. साखरेचा हलवा गुळाच्या लाडवापेक्षा जास्त टिकतो. वाल, लाल तांदूळ, हळद, भाजलेले तीळ यांना तर काळजीच कमी लागते. बोरन्हाणासाठी बोरे-उसाच्या कांड्यांची परडी वेगळी करता येते, तीत मात्र ओला माल असतो म्हणून ती त्याच दिवशी पोचली पाहिजे.

खाद्यपदार्थ विकायचा असेल तर अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी करून घ्यावी लागते. ती नको असेल तर रिकामी सजवलेली डबी विकावी, तिळगूळ गिऱ्हाईक आपल्या घरचा भरते. पहिल्या वर्षी आम्ही हेच सुचवू.

किंमत कशी धरावी

येथे बहुतेक भगिनी स्वतःला फसवतात. समजा, करवंटीच्या ५० वाट्या करायच्या आहेत. काचपेपर, डिंक, करवतीची पाती, कापड मिळून ३५० रुपये आणि नेण्या-आणण्याचे १५० रुपये लागले. ५०० भागिले ५०, म्हणजे वाटी १० रुपयांना पडली, २० ला विकली तर दुप्पट झाले, असा हिशेब केला जातो. पण या कामाला एका बाईचे चार दिवस गेले. दिवसाची मजुरी ४०० रुपये धरली तर १,६०० रुपये होतात. एकूण खर्च २,१०० आणि वाटी ४२ रुपयांना पडली. २० रुपयांना विकली तर प्रत्येक वाटीमागे २२ रुपये आपण गिऱ्हाइकाला दान केले. हेच चार दिवस दुसऱ्याच्या शेतावर निंदणीला गेलो असतो तर रोख पैसे मिळाले असते. आकडे आपापल्या गावचे घालावेत, परंतु मजुरीची ओळ वहीतून गाळू नये. ४२ च्या वर दर मिळत नसेल तर ती वाटी विकू नये, घरच्या हळदी-कुंकवाला वापरावी.

माल एकसारखा हवा. हळदी-कुंकवाला एकीला मोठी आणि दुसरीला लहान डबी गेली की यजमाणीणबाईंची पंचाईत होते. म्हणून उंचीचे माप कापून लाकडी पट्टीवर खूण करावी व प्रत्येक डबी त्यावर तपासावी.

विक्रीसाठी डोंबिवलीचा फडके रोड किंवा ठाण्याचा गोखले रोड येथे पथारी टाकण्याआधी सोसायट्यांतील महिला मंडळांना विचारावे. ऑर्डर आधी, माल नंतर. नोव्हेंबरच्या अखेरीस चार नमुने घेऊन जावे, संख्या ठरवावी व निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. रथसप्तमी कधी आहे तेही पंचांगात पाहून ठेवावे. २०२४ साली ती १६ फेब्रुवारीला आली, संक्रांतीनंतर महिनाभर मागणी चालली. २०२६ साली मात्र रथसप्तमी २५ जानेवारीची, म्हणजे जेमतेम अकरा दिवसांची. जवळच्या रथसप्तमीच्या वर्षी सर्व माल भोगीपूर्वी हातात असला पाहिजे.

आसनगाव, वासिंद, खडवली, टिटवाळा येथून लोकलने माल न्यायचा तर सकाळच्या गर्दीत जाऊ नये. दुपारची गाडी व मालडबा बरा. परड्या एकात एक घालून मध्ये पेंढा ठेवावा. डब्या उभ्या रचाव्यात. सुगडे नेहमी सर्वात वर ठेवावीत.

उरलेल्या डब्या-परड्या रथसप्तमीनंतर एक दिवस उन्हात ठेवाव्यात. सुक्या कडुनिंबाच्या पाल्यासह गोणीत भरून त्या माळ्यावर टांगाव्यात, जमिनीवर ठेवू नयेत. जूनच्या आधी एकदा गोणी उघडून भुसा गळलेला दिसतो का ते पाहावे. गळलेल्या डब्या लगेच चुलीत घालाव्यात, नाहीतर भुंगेरा बाकीच्यांत जातो. आणि याच वेळी बांबूच्या बेटात फिरून येत्या दिवाळीत तोडायच्या जून काठ्यांवर चुन्याची खूण करून ठेवावी. पावसाळ्यानंतर सगळे बेट सारखेच हिरवे दिसते.